एका खोट्या ओळीचा सत्कार

बागलाणातून परत येऊन पंधरवडा झाला. शेजारपाजारचे विचारतात, "कसा झाला प्रवास?" मी म्हणते, "छान. मांडे खाल्ले." ते खोटं नाही. मांडे खाल्ले, आणि हात जोडून पुरे म्हणेपर्यंत खाल्ले. पण त्यापुढचं कुणी विचारलं की मला एकदम गॅसवर दूध ठेवल्याचं आठवतं.

आधी आम्ही तिकडे गेलो कशाला ते सांगते. नाशिकच्या एका शाळेत भूगोल शिकवून मी निवृत्त झाले आणि घरी बसून यजमानांशी भांडण्यापेक्षा बरं म्हणून इंटरनेटवरच्या मुक्त ज्ञानकोशाच्या नादी लागले. जगात कुणीही तो वाचावा, कुणीही त्यात लिहावं, चूक दिसली तर कुणीही दुरुस्त करावी. मराठीत पानं थोडी, लिहिणारे त्याहून थोडे. हे शाळांमध्ये न्यायचं, मुलांना नुसतं वाचायला नाही तर लिहायला शिकवायचं, म्हणून आम्ही सात जणांनी संस्था काढली. नोंदणीला सात लागतात म्हणून सात. सातवे सभासद माझे यजमान, आणि त्यांना संस्थेचं पूर्ण नाव अजून सांगता येत नाही. घटना लिहायला बसलो तेव्हा पहिलं उद्दिष्ट मीच घातलं : 'ग्रामीण भागातील अज्ञान दूर करणे.' मला ते वाक्य फार आवडलं होतं.

आमचे चिटणीस भामरे. अंबडच्या एका कारखान्यात सुपरवायझर, मूळचे नामपूरच्या बाजूचे. त्यांच्या ओळखीनं नामपूरपलीकडच्या एका गावची शाळा आमच्या पहिल्या कार्यक्रमाला मिळाली. गावाचं नाव मी लिहीत नाही. त्या गावाचं नाव माझ्या हातून एकदा खराब झालं आहे, तेवढं पुरे.

कांद्यामागून

भामऱ्यांच्या जुन्या ओमनीतून निघालो. मागच्या सीटवर लॅपटॉप, उसना आणलेला प्रोजेक्टर आणि यजमानांनी दिलेला चिवडा. पिंपळगाव सोडलं तशी कांद्याच्या ट्रॅक्टरांची रांग लागली. एकेक ट्रॉली अशी शिगोशीग, की मागून बघणाऱ्याला वाटावं कांदेच चालत निघालेत. भावडबारीचा घाट आम्ही एका ट्रॅक्टरच्या मागे, त्याच्या वेगानं चढलो. भामरे मला त्यांच्या शाळेच्या गोष्टी सांगत होते आणि मी मनात उद्याच्या तासाची उजळणी करत होते.

त्या तासाची युक्ती माझी. चाळीस वर्षं... जाऊ द्या, नेमकी वर्षं सांगून वय कशाला उघड करू, पण शिकवताना एक गोष्ट मला पक्की कळली होती. मुलांना 'लिहा' म्हटलं की ती पेन चावतात. 'चूक शोधा' म्हटलं की तुटून पडतात. म्हणून ज्ञानकोशात त्या गावाचं छोटंसं पान आम्ही आधीच तयार केलं आणि त्यात मुद्दाम तीन चुका घातल्या. मुलांनी त्या पकडायच्या आणि तिथल्या तिथे स्वतःच्या हातानं सुधारायच्या. पहिली चूक, मोसम नदी गावाच्या भलत्याच बाजूनं वाहते. दुसरी, गावात नारळाच्या बागा आहेत. तिसरी : 'शौचालयांची सोय नसल्यामुळे ग्रामस्थ उघड्यावर शौचास जातात.'

भामरे तेव्हाच म्हणाले होते, "मॅडम, खऱ्या पानावर मुद्दाम चुका टाकणं त्यांच्या नियमात बसत नाही."

"चार दिवसांचा तर प्रश्न. आपणच टाकतो, आपणच काढणार," मी म्हटलं. उचलली जीभ, लावली टाळ्याला.

तिसरी चूक मला सुचली कशी, हा प्रश्न तेव्हा मला पडलाच नाही. मी त्या गावी कधी गेले नव्हते. गाव म्हटल्यावर डोक्यात जे पहिलं आलं ते मी टाइप केलं.

पाहुणचार

गावाच्या वेशीवर मुलं लेझीम घेऊन उभी होती. तेव्हाच ओमनी मागे वळवायला हवी होती, पण मी हात हलवत होते. शाळेच्या अंगणात रांगोळी. भामऱ्यांना टॉवेल-टोपी, माझी खणानारळानं ओटी. ओटी भरणारी बाई चाळिशीची, अंगानं बारीक, गळ्यात मंगळसूत्राबरोबर काळ्या दोऱ्यात एक शिट्टी.

"या आमच्या सरपंच, मंदाताई," मुख्याध्यापक म्हणाले.

"शिट्टी?" मी विचारलं.

"कळेल," मंदाताई हसून म्हणाल्या. "पहिले जेवा."

जेवण त्यांच्याच घरी. खापरावर मांडे करताना मी पहिल्यांदाच बघत होते. त्यांच्या जाऊबाई कोपरापर्यंत दोन्ही हातांवर ती पोळी फिरवत मोठी करत होत्या आणि मग अलगद उपड्या खापरावर टाकत होत्या. सोबत झणझणीत रशी आणि वाटी भरून तूप. आमच्या नाशकात पाहुण्याला विचारतात, "चहा घेणार का?" आणि विचारण्याच्या सुरातच 'नाही म्हणा' असं असतं. इथे कुणी विचारतच नाही. ताटावर आडवा हात धरला तर हातावर वाढतात.

मंदाताईंचे सासरे, आबा, समोर बसून आमच्या ताटांवर नजर ठेवून होते. पांढरी टोपी, बोलणं थोडकं. मी थांबले की सुनेला म्हणायचे, "बाईले वाढ. काही खाई नही राहिनी." आणि बाईच्या ताटात आणखी एक मांडा यायचा.

जेवण झाल्यावर मंदाताई उठल्या. "चला, आता आमचं गाव दाखवते."

मला वाटलं देऊळ, नदी, फार तर डाळिंबाची बाग. त्यांनी मला संडास दाखवले.

एकेका घरचा. कुणाचा निळा, कुणाचा गुलाबी, एकाच्या भिंतीवर मोर काढलेला. प्रत्येक घरची बाई पुढे होऊन दार उघडायची, आत बघा म्हणायची आणि मी बघायचे. "वर्षभर झालं," मंदाताई सांगत होत्या. "गावात एकबी घर बाकी नाय. परवा तपासणी हाय, जिल्ह्याची समिती येतीये. स्वच्छतेच्या स्पर्धेत शेवटच्या फेरीत हाय आपलं गाव. आता तुमचाबी कार्यक्रम, म्हंजे दुधात साखर."

माझ्या तोंडचं पाणी पळालं. मी भामऱ्यांकडे पाहिलं, त्यांनी टोपीकडे हात नेला आणि जमिनीकडे पाहिलं.

आबांच्या संडासाच्या दारावर तारेनं बांधलेलं एक वाळकं गुलाबाचं फूल होतं. मी म्हटलं, "पूजा केली होती का?" काहीतरी बोलायचं म्हणून.

"ते आबांचं बक्षीस," मंदाताई म्हणाल्या आणि शिट्टीची गोष्ट सांगितली. सरपंच झाल्यावर त्या रोज पहाटे दोन-चार बायांना घेऊन गावामागच्या टेकडीकडे जायच्या. टमरेल घेऊन निघालेला माणूस दिसला की शिट्टी. दंड नाही, शिवी नाही. त्याला सकाळी चावडीवर बोलवायचं आणि सगळ्या गावासमोर गुलाबाचं फूल द्यायचं. हाच त्याचा सत्कार. "लोक म्हनायचे, बाईमाणूस हाय, घरच्याला धरून दाखव म्हनावं. एक दिवस आबाच सापडले. काय करू? दिलं फूल."

"मग?"

"मंग काय, आठ महिने माझ्या हातचं पाणी घेतलं नाय. एका घरात ऱ्हाऊन. पन पुढच्याच महिन्यात सोताच्या हातानं खड्डा खनला. दिवाळीत पहिल्यांदा म्हनले, मंदा, चहा टाक." एवढं सांगताना त्यांचा आवाज ओला झाला. "आता काही बिनसायला नको बाई."

मंदाताईंच्या घरी परतताना मी भामऱ्यांना कोपरानं ढोसलं. "ती ओळ काढा. आत्ताच्या आत्ता."

त्यांनी मोबाइलला केबल लावली, मोबाइल छपराकडे धरला, अंगणात नेला, विहिरीपाशी नेला. रेंजचा पत्ता नाही. "साठवलेली प्रत लॅपटॉपात आहे तेवढ्यावर उद्या तास घेऊ. खरं पान सटाण्याला जाऊन दुरुस्त करू," ते म्हणाले. "मुलं हसतील हो, मॅडम. शेवटी चूकच आहे ती."

मी स्वतःला तेच सांगत पडून राहिले.

तास

दुसऱ्या दिवशी भारनियमन. मंदाताईंनी मंडपवाल्याकडून जनरेटर आणवला होता, तो शाळेच्या मागे ढणढणत होता. वर्गाच्या खिडक्यांना चादरी लावून अंधार केला. मुलं खाली, मागे बाकांवर गावकरी, आबा पहिल्या बाकावर. मी ती तिसरी ओळ साठवलेल्या प्रतीतून सकाळीच काढून टाकायला हवी होती, हे आता कुणालाही सुचेल. मलाही सुचलं होतं. पण लॅपटॉप आबांच्या माजघरात, भोवती बघ्यांची गर्दी, आणि सगळ्यांदेखत ती ओळ उघडायचा मला धीर झाला नाही. वाटलं, वाचण्याआधीच पान वर सरकवून टाकू.

नदी चुकीच्या बाजूला वाचल्यावर वर्ग खदखदून हसला. नारळाच्या बागांवर तर एक मुलगा आडवा पडला. नववीतली जयश्री नावाची मुलगी मोठ्यानं वाचत होती, खणखणीत वाचत होती, आणि मी बटण शोधेपर्यंत तिनं तिसरी ओळही वाचली.

कुणी हसलं नाही.

जयश्री माझ्याकडे वळली. "मॅडम, हे कोणी लिहिलं?"

या प्रश्नाचं उत्तर मी पाठ केलं होतं. तासाचा कळसच तो होता : 'कुणीही लिहू शकतं, म्हणून तुम्हीही लिहा!' ते उत्तर माझ्या तोंडून आपोआप बाहेर पडलं. "कुणीही लिहू शकतं," मी म्हटलं, आणि घाईघाईनं पान वर सरकवलं.

"कुणीही म्हंजे?" मंदाताई मागून पुढे आल्या. "आमच्या गावाचं बाहेरच्याला काय पडलंय? गावातल्याच कुनाचं तरी काम हाय हे. तपासणी उद्या, आन् बरोबर आज..."

त्या बोलायच्या थांबल्या. त्यांची नजर पहिल्या बाकावर गेली. त्यांच्यापाठोपाठ सगळ्या वर्गाची गेली. आबांचा धाकटा मुलगा सातपूरला कंपनीत आहे आणि त्याच्या घरी कॉम्प्युटर आहे, हे गावात सगळ्यांना ठाऊक. ते मला आदल्या दिवशी मांडे वाढताना कौतुकानं सांगितलेलं.

आबा उभे राहिले. "मी नही," एवढंच म्हणाले. त्यांनी सुनेकडे बघितलं. ती जमिनीकडे बघत होती. त्यांनी टोपी काढली, झटकली, परत घातली आणि चादर बाजूला सारून बाहेर पडले.

मी खोटं बोलले नव्हते. नुसती गप्प होते. शिक्षकी पेशात मी कितीतरी पोरांना ओरडले असेन, 'गप्प बसणंसुद्धा खोटं बोलणंच असतं'. आता तीच मी, कालच ओटी भरून घेतलेली, हातात प्रोजेक्टरची वायर, मेल्याहून मेल्यासारखी उभी. भामरे माझ्याकडे बघत होते. ते स्वतःवर घेतील की काय अशी भीती वाटली, आणि खरं सांगायचं तर घेतलं तर बरं, असंही क्षणभर वाटलं. ते क्षणभर वाटणं मला अजून खातं.

"थांबा," मी म्हटलं. जनरेटरच्या आवाजात ऐकूच गेलं नाही. म्हणून ओरडले. "आबा, थांबा! ते मी लिहिलंय!"

मग सगळं सांगितलं. तास, युक्ती, तीन चुका. सांगताना शब्द नीट लागेनात. ततपप करत मी म्हणत होते, "मुलांनी ओळखावी म्हणून... ठळक चूक हवी होती म्हणून..." आणि माझं मलाच ऐकू येत होतं की हे स्पष्टीकरण किती पोकळ आहे.

मंदाताईंनी शांतपणे विचारलं, "नदीचं समजलं. नारळाचंबी समजलं. पन हे का लिवलं?"

"गाव म्हटल्यावर मला हेच पहिलं सुचलं," मी म्हटलं.

याहून खरं मी त्या तीन दिवसांत काही बोलले नसेन. आबा दारात होते. ते आत आले नाहीत आणि गेलेही नाहीत.

टेकडीवर

मला वाटलं आता आमची ओमनी वेशीबाहेर जाणार. पण मंदाताई कामाची बाई. "ते कुठंकुठं दिसतं?" त्यांनी विचारलं.

"सगळीकडे. कुणीही उघडलं तर."

"समितीनं उघडलं तर?"

मी होकाराची मान हलवली.

"पुसायला काय लागतं?"

"रेंज," भामरे म्हणाले.

वर्गात खसखस पिकली. आधी कळेना, मग मुख्याध्यापकांनी खाकरून सांगितलं, गावात रेंज एकाच ठिकाणी मिळते, मागच्या टेकडीवर. तीच टेकडी. पहाटेची शिट्टीची. वर्षभरात तिकडे एकटं कुणी फिरकलं नव्हतं, कारण फिरकलं की फूल.

दुपारी आम्ही टेकडी चढलो. पुढे मंदाताई, गळ्यात शिट्टी, मागे भामरे, जयश्री आणि निम्मा वर्ग, शेवटी मी. वाटेत एका बाईनं ओट्यावरून हाक मारली, "काय वो सरपंच, आज तुम्हीच निघाल्या?" आणि सगळे फिदीफिदी हसले. मंदाताईही हसल्या. मला हसता आलं नाही.

टेकडी स्वच्छ होती. त्यांनी तिथे कडुनिंबाची रोपं लावली होती, त्यांना काट्यांचं कुंपण. भामऱ्यांनी मोबाइल लॅपटॉपला जोडून एका दगडावर ठेवला, एक दांडी रेंज आली, गेली, परत आली. पान उघडायला इतका वेळ लागला की पोरांनी दोन डाव लंगडी खेळून घेतली. शेवटी ती ओळ पडद्यावर आली. मी टाइप करायला पुढे झाले तर मंदाताई म्हणाल्या, "तुम्ही नका. जयश्री लिहील."

जयश्रीनं एकेक अक्षर शोधत लिहिलं : 'गावात घरोघरी शौचालय आहे.'

भामरे नियमाचे पक्के. म्हणाले, "याला संदर्भ द्यावा लागेल. म्हणजे पुरावा."

"पुरावा?" मंदाताईंनी कमरेवर हात ठेवले. "ही बाई खोटं लिवत व्हती तवा पुरावा कुठं गेला व्हता? आता चला, घरोघर दार उघडून दावते तुमच्या कॉम्प्युटरला."

भामऱ्यांनी निमूटपणे बदल जतन केला. संस्थेच्या आयुष्यातला मुलाच्या हातचा हा पहिला बदल. असा क्षण आला की मी पेढे वाटणार होते, पिशवीत होतेही. ते मी परत नाशिकला आणले.

सत्कार

तिसऱ्या दिवशी सकाळी समिती आली. अधिकारी भले गृहस्थ होते. त्यांनी दारं उघडून पाहिली, रोपं पाहिली, मोराचं कौतुक केलं. ज्ञानकोश त्यांनी उघडलाही नव्हता. हे कळल्यावर माझी लाज कमी व्हायला हवी होती, पण झाली नाही. आबांचा चेहरा समितीमुळे थोडाच तसा झाला होता.

शेवटी चावडीसमोर सत्काराचा कार्यक्रम. समितीला टॉवेल-टोपी, नारळ. भामऱ्यांना दुसरी टोपी. मग मंदाताईंनी माझं नाव पुकारलं. मी म्हटलं, परवा ओटी भरलीत, आता कशाला? पण गावच्या पोरी मला पुढे ढकलू लागल्या.

मंदाताईंच्या हातात एकच ताजा गुलाब होता.

"आमच्या गावाची रीत हाय," त्या माईकमध्ये म्हणाल्या. "गावात घान करनाऱ्याचा सत्कार करतो आम्ही." माईक खरखरत होता, त्यामुळे अधिकारीसाहेबांना 'सत्कार' हा शब्द तेवढा ऐकू आला असावा. "वा, वा!" म्हणत त्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यांचे एकट्याचेच हात वाजत होते. गावातलं कुणी वाजवत नव्हतं. सगळे माझ्याकडे बघत होते, आणि त्या बघण्यात राग नव्हता, हेच जास्त लागलं. एका मुलीनं फोटोही काढला. माझ्याकडे आहे तो.

फूल घेऊन मी खाली आले आणि रिकामी खुर्ची दिसली तिथे बसले. शेजारी आबा होते. कालच्या तासापासून ते माझ्याशी एक शब्द बोलले नव्हते. डोळ्याला पदर लावलेला त्यांनी पाहिला असणार.

"माले बी भेटेल शे," ते पुढे बघत म्हणाले. मलाही मिळालंय.

"माहीत आहे, आबा. मला माफ करा."

त्यांनी ते ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. "पहिल्या दिशी लय लागतं," ते म्हणाले. "मंग आपला आपन खड्डा खनाले लागतो." थोडं थांबून त्यांनी सुनेला हाक मारली, "मंदा, बाईले चहा टाक." मंदाताईंनी मागे वळून बघितलं आणि पदरानं कपाळ पुसलं. कालच्या तासानंतर आबांनी त्यांना मारलेली ही पहिलीच हाक, तिनं त्यांचा चेहरा कसा झाला ते मी पाहिलं. त्या चहासाठी मी जन्मभर आबांच्या ऋणात आहे.

परतताना भावडबारीत पुन्हा ट्रॅक्टर आडवा आला. भामऱ्यांनी काच खाली केली, फूल वाऱ्यानं उडेल म्हणून परत वर केली. मग मी म्हटलं, "भामरे, घटनेतलं पहिलं उद्दिष्ट बदलायचं तर काय करावं लागतं?"

"सर्वसाधारण सभा घ्यावी लागेल. सातही सभासद हजर हवेत."

पुढच्या रविवारी सभा आहे. यजमानांना बजावून ठेवलंय. नवीन वाक्य अजून जमलेलं नाही. जे लिहिते ते मलाच खोटं वाटतं, म्हणून जयश्रीला लिहायला सांगावं असं मनात आहे.

फूल वाळलं. आमच्या एका खोलीच्या कार्यालयात कॉम्प्युटरच्या पडद्याच्या वरच्या कोपऱ्याला मी ते तारेनं बांधलं आहे. येणारे विचारतात, "हे काय?" परवापर्यंत मी "बक्षीस मिळालंय एका गावात" असं म्हणून वेळ मारून नेत होते. भामरे तेव्हा माझ्याकडे नुसते बघतात. म्हणून हे लिहून काढलं. आता कुणी विचारलं की हे कागद पुढे करीन आणि ते वाचून होईपर्यंत समोर बसून राहीन.